शेकोटी

मार्गशीर्ष लागला की बेळगावात पहाटे धुकं उतरतं. तिसऱ्या रेल्वे गेटाच्या पलीकडे आमची चोवीस घरांची कॉलनी आहे. एरवी सहालाच अंगणात सडा पडतो, या दिवसांत मात्र आठपर्यंत कुणाचं दार उघडत नाही. सकाळचं ऊन आधी आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर येतं, म्हणून बायका तिथं जमतात. कुणी पावटे सोलतं, कुणी गहू निवडतं. निम्मी घरं कानडी, निम्मी मराठी. एकाच वाक्यात दोन्ही भाषा आल्या तरी कुणाचं अडत नाही. सीमाप्रश्न पेपरात वाचायचा, भिंतीपाशी आणायचा नाही, हे न बोलताच ठरून गेलं आहे.

मागच्या पौषात जे घडलं ते मला अजून टोचतं, म्हणून लिहिते.

रात्रीच्या राखणीला खानापूर तालुक्यातले एक मामा आहेत. साठी कधीच ओलांडलेली. रात्री दहाला येतात, सकाळी सहाला जातात. कोपऱ्यावरच्या आंब्याखाली वाळका पाला आणि काटक्या गोळा करून ते शेकोटी करीत. एका रात्री गच्चीचं दार लावायला वर गेले आणि ती माझ्या नजरेस पडली. पाल्याचा ढीग तसाच्या तसा पेटवलेला. त्यात किती मुंग्या, किती किडे असतील, या विचारानं माझ्या अंगावर काटा आला. आम्ही दिवस असतानाच जेवतो ते तरी कशासाठी? मी तशीच खाली उतरले.

"मामा, अहो किती जीव जळतात यात! विझवा बघू आधी."

मामांनी वर पाहिलं. "थंडी लई हाय वैनी," एवढं म्हणाले, आणि मी तिथंच उभी आहे हे पाहून आमच्याच नळाची बादली आणून ओतली. मी वर येऊन झोपले. अंगावर दोन रजया होत्या.

पुढं पंधरा दिवस शेकोटी पेटली नाही. मला समाधान वाटलं. खोटं कशाला बोलू, भिंतीपाशी दोघीतिघींना मी ते सांगितलंही. मग एके दिवशी मामा आलेच नाहीत. ताप, छातीत कफ. थंडीनंच झालं असं मी म्हणणार नाही, त्या वयाला कफ कशानंही होतो. पण शेजारच्या अक्का पावटे सोलता सोलता म्हणाल्या, "पंधरा दिवस शेकोटी नव्हती की हो." टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी उत्तर तरी दिलं असतं.

मामा नऊ दिवस आले नाहीत. महिनाअखेरीस कॉलनीच्या बैठकीत त्या नऊ दिवसांचा पगार कापायचं ठरलं. मी तिथं होते आणि गप्प बसले. कापले गेलेले पैसे मग मी त्यांना गुपचूप नेऊन दिले. त्यांनी हात जोडले, आणि मला आणखीच कसंतरी झालं.

आता यात माझं चुकलं काय? जीव वाचवायला गेले, हेच ना? तुम्हीही असंच म्हणाल. माझ्या नणंदबाई तर म्हणाल्या, "उगीच मनाला लावून घेतेस. वाईट दिसलं तर सांगायचं नाही का?" सांगायचं ना. पण मी सांगितलं कुणाला, आणि त्याची झळ कुणाला बसली?

आपल्याकडे अग्नी आणि पाणी हे दोन्ही एकेंद्रिय जीव मानले आहेत. पाठशाळेतल्या पोरीलाही हे पाठ असतं. बादली ओतायला लावताना मला त्यांची आठवण झाली नाही. दिवसातून तीन वेळा पेटणारा माझा गॅसही आठवला नाही, आंघोळीच्या पाण्याचा गीझरही नाही. गृहस्थाला आरंभी हिंसा चुकत नाही, ती होईल तेवढी कमी करायची, ही सवलत मी स्वतःला रोज देते. म्हाताऱ्या माणसाला रात्रभर उघड्यावर बसायचं असताना ती सवलत द्यायला मी तयार नव्हते.

मुनींना बावीस परीषह सांगितले आहेत. भूक, तहान, आणि तिसरा शीत, म्हणजे थंडी. पौषातल्या पहाटे दिगंबर मुनींचा विहार पाहिला की आपण शाल घट्ट ओढतो आणि नमोस्तु म्हणताना आपला आवाज भरून येतो. पण ती थंडी त्यांनी स्वतः पत्करलेली असते. मी मामांना शीत परीषह दिला, आणि तो देताना त्यांना दीक्षा घ्यायची आहे का, हे विचारलं नव्हतं!

दशलक्षण पर्वात तत्त्वार्थसूत्राचं वाचन होतं, रोज एक अध्याय. सातव्यात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार येतात: बांधून ठेवणं, मारणं, अवयव छेदणं, झेपणार नाही एवढा भार लादणं, अन्नपाणी अडवणं. पूज्यपादांच्या टीकेत अन्नपाण्याच्या जागी गाईगुरांचा उल्लेख आहे. इतकी वर्षं मी हे ऐकत आले आणि दरवर्षी मनात म्हणत आले, आपल्याकडे ना बैल ना गाडी, आपल्याला हे कुठं लागतं? चौथा अतिचार आमच्या कोपऱ्यावर आंब्याखाली बसला होता.

मग घरातही लक्ष जायला लागलं. थंडीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पावणेसहाला माझ्यापुढं गरम भाकरी येते. ती करायला सून ऑफिसातून तासभर लवकर निघते आणि तो तास सकाळी लवकर जाऊन भरून काढते. पौषातल्या सकाळी, धुक्यात, स्कूटरवर. मी कधी मागितलं नव्हतं हे खरं, पण कधी विचारलंही नव्हतं. व्रत माझं, आणि त्यासाठी गारठायचं तिनं. आता संध्याकाळच्या भाकऱ्या मी करते. गुडघे कुरकुरतात. पहिल्या दिवशी सूनबाई म्हणाली, "आई, माझं काही चुकलं का?" तिला समजावताना भाकरी करपली.

मात्र आपल्या नेमाचा भार दुसऱ्यानं कधी उचलूच नये, असंही मला म्हणता येत नाही. दर भोगीला अक्कांकडून भाजी येते, बाजरीची तीळ लावलेली भाकरी येते. अक्का बाजरीला सज्जे म्हणतात. भोगीच्या भाजीत गाजर हवंच, पण आपल्याला कंदमूळ चालत नाही. म्हणून सगळ्यांच्या भाजीत गाजर पडण्याआधी अक्का आमच्यापुरती भाजी वेगळ्या पातेल्यात काढतात. वीस वर्षं झाली, मी एकदाही सांगितलेलं नाही. हा भारच आहे ना? सणाच्या दिवशी एक पातेलं जास्त, एक चूल अडलेली. पण अक्कांनी तो आपण होऊन घेतला आहे, आणि उद्या त्या म्हणाल्या की यंदा जमत नाही, तर त्यांना माझ्याकडून काही ऐकावं लागणार नाही. मामांना तसं म्हणता आलं असतं का? पगार आमच्या हातात. नळाची बादलीसुद्धा आमचीच.

खरं तर उपाय जवळच होता. माझी आजी चुलीत घालण्याआधी प्रत्येक लाकूड झटकायची, काटकी उलटसुलट करून पाहायची, मुंगी दिसली तर पदरानं हलकेच बाजूला करायची. धुरानं डोळे चुरचुरायचे, पण चूल कधी पेटायची राहिली नाही आणि घरातलं कुणी उपाशीही राहिलं नाही. ते कष्ट आजी स्वतः करायची. मला मात्र गच्चीवरून आज्ञा देणं सोपं वाटलं.

यंदा मी बैठकीत बोलले. मामांसाठी पत्र्याची केबिन झाली, एक जाड कांबळं आलं, आणि पाल्याच्या ढिगाऐवजी लोखंडी शेगडी. आजारपणाचा पगार कापायचा नाही, हेही मांडलं. त्यावर अजून एकमत नाही, पुढच्या बैठकीत पुन्हा मांडणार आहे. मामा बरे होऊन परतले आहेत, पण पायऱ्या चढताना थांबतात. शेगडीसाठी लागणाऱ्या काटक्या मी संध्याकाळी, उजेड असताना, झटकून निवडून केबिनपाशी ठेवते. अक्का कधी कधी येऊन बसतात आणि माझ्या निवडण्याला हसतात. हसता हसता निवडायलाही लागतात.

परवा पाहुणे आल्यामुळं मला उशीर झाला. अंधार पडला, मामा आले, तेव्हा कुठं मी धावत खाली गेले. पाहते तर मामा केबिनच्या दिव्याखाली उकिडवे बसून एकेक काटकी जमिनीवर हळूच आपटत होते, फुंकत होते, डोळ्याजवळ धरून पाहत होते.

"राहू द्या मामा, मी करते," मी म्हटलं.

"झालं की वैनी," ते म्हणाले. "मुंग्या हायत बारक्या."

त्यांना त्या मुंग्यांची खरंच दया आली होती, की मी पुन्हा येऊन उभी राहीन याची धास्ती होती, ते माझ्यानं विचारवलं नाही. मी शेजारी बसले आणि उरलेल्या काटक्या हातात घेतल्या.