दोष कोणाचा, बांध कोणाचा

जे संकट आपण ओढवून घेतलेले नाही, त्याच्या निवारणाचा भार आपण का उचलावा, हा प्रश्न नीतिविचारात नवा नाही. परंतु गेल्या काही वर्षांत तो आपल्या देवळांच्या सभामंडपापर्यंत येऊन पोहोचला आहे. हवामान पालटत आहे. पाऊस पडतो तेव्हा कोसळतो आणि ओढ देतो तेव्हा आठवडेच्या आठवडे फिरकत नाही. समुद्र चढत आहे. याबाबत गावाने काही करावे असे कोणी सुचविले की, सभेतून एक शहाणे उत्तर हमखास येते. धूर सोडला तो विलायतेतील आणि अमेरिकेतील कारखान्यांनी. आमच्या गावाने काय केले? आणि आम्ही चार दिवे कमी लावले म्हणून समुद्र खाली उतरणार आहे काय?

या उत्तराची टर उडविण्याचे कारण नाही. त्यातील वस्तुस्थिती खरी आहे. भारतात माणशी होणारे उत्सर्जन आजही जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीने २०२१ साली दिलेल्या अहवालाप्रमाणे १९०१ पासून २०१८ पर्यंत समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर चढली; त्यात एखाद्या गावाचा वाटा शोधू म्हटले तर सापडणार नाही. प्रश्न एवढाच की, या खऱ्या विधानांवरून जो निष्कर्ष काढला जातो, तो त्यांतून निघतो काय?

त्याचा विचार करण्यास गोव्याच्या खाजन जमिनीइतके चांगले स्थळ मला दुसरे दिसत नाही. मांडवी, जुवारी आणि इतर नद्यांच्या काठची ही सुमारे अठरा हजार हेक्टर भूमी भरतीच्या पाण्याहून खालच्या पातळीवर आहे. ती शेती म्हणून उभी आहे ती केवळ बांधांच्या आधाराने. कोकणच्या मौर्यांपैकी अनिर्जितवर्म्याच्या बांदोडे येथील ताम्रपटात अशा 'खज्जन' जमिनीच्या दानाचा उल्लेख येतो; म्हणजे ही विद्या किमान तेरा-चौदाशे वर्षांची आहे. चिखल, गवत आणि बाहेरच्या अंगाला जांभा दगड एवढ्यावर बांध उभा राहतो. बांधात मानस असतो, म्हणजे लाकडी झडपांचे दार. भरतीचे पाणी बाहेरून रेटते तेव्हा झडप आपोआप मिटते. ओहोटीला आतले पाणी रेटते तेव्हा ती उघडते. पावसाने जमिनीतील खार धुऊन गेला की कोरगुटासारखे खाऱ्या मातीत तग धरणारे भात पेरावयाचे, आणि पीक निघाल्यावर तेथेच मासळी धरावयाची. समुद्राला हटविण्याचा आव या रचनेत कोठेही नाही. त्याला वेळेवर आत घ्यावे आणि वेळेवर बाहेर सोडावे, इतकीच तिची महत्त्वाकांक्षा आहे.

आता या बांधाला कुरल्यांनी भोक पाडले, अशी कल्पना करा. भोक एकाच्या शेतासमोर असते, पण पाणी सर्वांच्या शेतात शिरते; आणि एकदा खारे पाणी शिरले की ती जमीन पुढचे दोन-तीन पावसाळे धड पिकत नाही. त्या वेळी बांधावर उभे राहून 'हे भोक मी पाडलेले नाही' असे म्हणणारा मनुष्य खोटे बोलत नसतो. तरीही गाव त्याला वेड्यात काढील. याचे कारण असे की, दोष कोणाचा आणि काम कोणाचे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर भूतकाळात शोधावे लागते. दुसऱ्याचे उत्तर, बांधाच्या आश्रयाने कोण राहतो, यात असते.

आपल्या परंपरेत या भेदासाठी एक नेमका शब्द आहे: ऋण. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही मनुष्य जन्मतःच घेऊन येतो असे आपण मानतो. ती ऋणे त्याने कोणताही अपराध करून अंगावर घेतलेली नसतात. दुसऱ्यांनी राखलेल्या जगात तो जन्मला, एवढेच त्यांचे कारण. दोषाचे परिमार्जन प्रायश्चित्ताने होते. ऋणाची फेड राखण करून होते. हवामानाच्या बाबतीत आपण जेव्हा 'आमचा दोष नाही' असे म्हणतो, तेव्हा प्रायश्चित्त नाकारतो, आणि ते बव्हंशी योग्यच आहे. परंतु त्याच वाक्याने आपण ऋणही नाकारू पाहतो, तेथे घसरतो.

या विचाराला एक धोका आहे. ऋणाची भाषा ज्यांचा खरोखर दोष आहे त्यांना फार सोयीची पडते. मोठे देश, मोठे कारखाने आणि जवळचे पाहावयाचे तर डोंगर कापणारे व खाजनात माती टाकून भराव घालणारे, या सर्वांना सामान्य माणसाने आपल्या कर्तव्यात गर्क राहिलेले हवेच असते. म्हणून ऋण फेडणे याचा अर्थ हिशेब मागण्याचे सोडून देणे असा कोणी घेऊ नये. बांध आधी बुजवावा, आणि भोक कुरलीचे होते की माणसाने मुद्दाम पाडलेले होते याचा तपास मग कसून करावा. खाजनांच्या बाबतीत हा तपास पुष्कळदा दुसऱ्याच उत्तराकडे नेतो, हे सांगितलेच पाहिजे. मानस मक्त्याने घेऊन अधिक मासळीच्या लोभाने खारे पाणी आत कोंडून धरणे, किंवा बांध फोडून शेताचे कायमचे तळे करणे, हे प्रकार सातासमुद्रापलीकडच्या कोणी केलेले नाहीत.

हे बांध पूर्वी गावकरी सांभाळीत असे. १५२६ सालच्या फोरालमध्ये पोर्तुगिजांनी तिच्या रूढी नोंदवून ठेवल्या. शेतांच्या उत्पन्नातून गावखर्च, बांध आणि देऊळ यांची तरतूद होई. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याची आपल्याकडे सवय आहे. परंतु मातीची टोपली ज्यांच्या डोक्यावर होती ते कूळ व मजूर, आणि तशाच स्त्रिया, गावकऱ्यांच्या बैठकीत नव्हत्या, हे त्याच दमात सांगावयास हवे. १९६४ च्या कूळकायद्याने कुळाला जमिनीवर हक्क दिला ते न्याय्यच झाले. त्याबरोबर बांधांचा भार कुळांच्या संघांकडे आला, आणि तेथे अनेक गावांत तो कोणाचाच उरला नाही. हक्क वाटला गेला, ऋण मात्र वाटेत सांडले.

देवळांचा या गोष्टीशी संबंध काय, असे कोणी विचारील. श्रीमंगेश सोळाव्या शतकात कुठ्ठाळीहून प्रियोळास आले. श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास. श्रीदेवकीकृष्ण चोडणाहून निघून अखेरीस माशेलास. कुठ्ठाळी जुवारीच्या काठी आहे, चोडण हे मांडवीतील बेट आहे. म्हणजे बेळगाव, बडोदे, इंदूर, हैदराबाद येथे पिढ्यान् पिढ्या नांदणाऱ्या अनेक कुटुंबांच्या कुलदैवतांचा मूळ नैवेद्य भरतीच्या काठच्या शेतांतून येत असे. शेताने देवळाला पोसले. आज देवळाकडे अग्रशाळा आहेत, देणग्या आहेत, दूरदूरचे महाजन आहेत. आणि मूळ गावच्या बांधाकडे माणूस नाही. दानाचा ओघ आता उलट का वाहू नये? देवस्थानाचा पैसा या कामी खर्च करण्यास नियम आड येत असतील, तर अभिषेकाच्या पावतीशेजारी बांधाच्या वर्गणीची स्वतंत्र वही ठेवण्यास कोणाचीही आडकाठी नसावी. त्या बांधाआड आज बहुतांशी ख्रिस्ती शेतकरी राबतात म्हणून एखाद्याचे मन कचरत असेल, तर त्याने इतकेच ध्यानात घ्यावे की, बांधामागे कोण राबतो हे भरतीचे पाणी विचारीत नाही.

जे मूळ गावापासून दूर आहेत, त्यांचा बांध त्यांच्या दारातच असतो. बडोद्याने २०१९ च्या जुलैअखेरीस आणि पुन्हा २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचा पूर पाहिला. नदीची पात्रे आणि कोतरे मोकळी ठेवा असे पालिकेस वारंवार लिहिणे हे तेथील बांधाचेच काम आहे. इंदुरात २०२२ च्या फेब्रुवारीत, दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायू करणारा कारखाना सुरू झाला आणि त्या वायूवर शहराच्या बसगाड्या चालू लागल्या. उकिरड्यावर कुजून हवेत मिसळणारा आणि कोळशाच्या धुराहूनही अधिक ताप धरणारा मिथेन वायू तेथे कामास लागला. परंतु तो कारखाना उभा आहे तो स्वयंपाकघरातील दोन वेगळ्या बादल्यांवर. भाजीची देठे आणि प्लास्टिक एकत्र टाकणारी घरे वाढली, तर यंत्र असून नसल्यासारखे होईल. आपल्या एकट्याच्या करण्याने काय होते, याचे मोजून दाखविता येणारे उत्तर क्वचितच मिळते. येथे ते टनांत मिळते.

देवळांतील लहानसहान सुधारणांविषयी मी फार लिहीत नाही. संतर्पणास पत्रावळी वापराव्या, निर्माल्याचे खत करावे, अग्रशाळेच्या छपरावर सौर पट्ट्या बसवाव्या, तळीचा गाळ काढावा. हे सर्व करावे, आणि फारसा गाजावाजा न करता करावे. चतुर्थीच्या माटोळीला रानची फळे बांधावयाची असतील तर रान असावे लागते, ही गोष्ट मात्र मुलांना दाखवून द्यावी. अधिक मोलाचे काम ग्रामसभेत आहे, आणि ते कंटाळवाणे आहे: आराखडे मागून घेणे, कोणत्या सर्व्हे क्रमांकाचे रूपांतर होत आहे ते वाचणे, ठराव नोंदवून घेणे. २००६ साली जाहीर झालेला गोव्याचा प्रादेशिक आराखडा सरकारला २००७ च्या आरंभी मागे घ्यावा लागला, तो नकाशे घेऊन बसलेल्या आणि रस्त्यावर उतरलेल्या साध्या लोकांमुळेच. पूर्वीच्या बैठकीत ज्यांना जागा नव्हती, ती कुळे, त्या मासळी विकणाऱ्या बाया, आज ग्रामसभेच्या सदस्य आहेत. पाणी कोठून फुटणार हे त्यांना आधी कळते. त्यांच्या शेजारी जाऊन बसावे.

बांधाचे काम कोरड्या दिवसांतले असते, कारण थापलेला चिखल सुकावयास ऊन लागते. कवळ्याची जत्रा माघ शुद्ध पंचमीस असते, मंगेशीची माघी पौर्णिमेस. बाहेरगावची मंडळी त्या सुमारास गोव्यात आलेली असतात. प्रियोळाहून कुठ्ठाळीस जाऊन बांध पाहून परत यावयास अर्धा दिवस पुरतो.