नोंद

जमीन आमच्या नावावर आहे, घर आता मुलाच्या नावावर केले, अशी वाक्ये आपण इतक्या सहजपणे बोलतो, की ते नाव जणू त्या मातीत किंवा त्या भिंतीतच उमटलेले असावे. प्रत्यक्षात ते नाव दफ्तरातल्या एका नोंदीत असते. म्हणून वाचक सज्जनहो, ज्याला आपल्या मिळकतीचे स्वरूप जाणून घ्यायचे आहे, त्याने आधी नोंद म्हणजे काय हे शांतपणे समजून घ्यावे आणि मग बांधावर जावे. गावातली निम्मी भांडणे हा क्रम उलटा झाल्यामुळे होतात.

नोंद घेणाऱ्याने मुळात ‘हे कोणाचे?’ असे विचारलेच नव्हते. त्याचा प्रश्न ‘याचा सारा कोण भरणार?’ हा होता. मलिक अंबराच्या काळी जमाबंदी झाली, शिवछत्रपतींच्या राज्यात अण्णाजी दत्तोंनी पाहणी केली, इंग्रजी अमलात १८३५ नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने मोजणी व प्रतवारी मांडली. राजवटी बदलल्या, पण जमीन मोजण्यामागचा हेतू महसुलाचा राहिला, आणि सारा भरणाऱ्याचे नाव त्या महसुलामागून कागदावर आले. हा जन्मसंबंध विसरला, की नोंदीकडून आपण भलतीच अपेक्षा करू लागतो. महसुलाच्या किंवा घरपट्टीच्या नोंदीने मालकी जन्माला येत नाही आणि नोंद निघाल्याने ती मरतही नाही, असे न्यायालयांना वारंवार सांगावे लागले, ते याचसाठी. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ ने अधिकार अभिलेखातील नोंदीला मान दिला आहे तोही मर्यादा सांगून: विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, किंवा तिच्या जागी कायदेशीर रीतीने दुसरी नोंद येईपर्यंत, ती खरी मानावी. नोंद ही साक्ष आहे, आणि साक्षीदाराला धनी समजणे हा आपला दोष आहे, साक्षीदाराचा नव्हे.

आता ही साक्ष शोधायची कुठे? गावात दोन दफ्तरे आहेत. शिवारातली जमीन तलाठ्याच्या दफ्तरात आणि गावठाणातले घर ग्रामपंचायतीच्या. (तलाठ्याला अलीकडे ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे ठरले आहे, तोंडावर मात्र तो भाऊसाहेबच.) घराचा सातबारा मागणारा आणि शेताची घरपट्टी विचारणारा, दोघेही रिकाम्या हाताने परततात. घरासाठी मागायचा तो नमुना आठ, म्हणजे कर आकारणीची नोंदवही. तिच्यात मिळकत क्रमांक असतो, मालकाचे नाव आणि त्याच्याच शेजारी भोगवटा करणाऱ्याचे नाव असते, लांबी-रुंदी असते, बांधकाम मातीचे की दगडविटांचे की स्लॅबचे, ते किती जुने, हे असते, आणि त्यावरून भांडवली मूल्य काढून घरपट्टी ठरते. तिच्या जोडीला दिवाबत्ती, आरोग्य, पाणीपट्टी. प्रत्यक्ष मागणी आणि वसुली, मागील बाकी आणि चालू, ती नमुना नऊमध्ये.

मालक आणि भोगवटादार ही दोन नावे शेजारी-शेजारी का छापली असावीत, याचा विचार केला तर नोंदीचा आणखी एक पदर सुटतो. एक असतो ज्याचे आहे तो, दुसरा असतो जो राहतो तो. बहुतेक घरांत दोन्ही रकान्यांत एकच नाव किंवा दुसऱ्यात नुसते ‘स्वतः’ असते, पण ज्या घरातला थोरला मुंबईला गेला आणि धाकट्याने आईवडिलांना सांभाळत घर राखले, तिथे त्या दोन रकान्यांमधली एक रेघ साऱ्या कुटुंबाची कथा सांगते. नोंद खोटी राहिली तर ती दोन्ही बाजूंनी कापते, हेही इथेच दिसते. मातीचे घर पाडून स्लॅब टाकला तरी नमुना आठात ‘माती’ तसेच राहिले, म्हणून घरपट्टी कमी आली, याचा आनंद पुष्कळांना होतो. मग रस्तारुंदीकरणात भिंत जाते, आणि भरपाईच्या कागदावर तेच ‘माती’ समोर उभे राहते. आकारणी दर चार वर्षांनी नव्याने होते, यादी हरकतींसाठी प्रसिद्ध होते. ती वाचायला जाणारे विरळाच.

शेताची नोंद वाचणे हे अधिक सावकाशीचे काम. गट क्रमांक हाताशी असला तर सातबारा आज घरबसल्या निघतो, पण निघणे आणि उमगणे यांत अंतर आहे. सातबाऱ्यावर नावाशेजारी एक आकडा असतो, आणि बहुतेकांची नजर नाव सापडले की तिथेच थांबते. तो आकडा फेरफाराचा. नाव इथे कोणत्या वाटेने आले, खरेदीने, वाटपाने की वारसाने, ते त्या आकड्याचा फेरफार काढल्यावर कळते, आणि त्या फेरफारात त्याच्या आधीच्या फेरफाराचा माग असतो. असे मागे जात राहिले की संगणक संपतो, तहसिलातल्या अभिलेख कक्षातली फडकी सुटू लागतात, जुने कडईपत्रक येते, आणि पुढे मोडीतली पाने येतात, जी वाचणारे हात आता थोडे उरले आहेत. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात हीच पाने राज्यभर उलगडली गेली, तेव्हा कित्येकांना पणजोबांचे नाव प्रथमच अक्षरांत दिसले. देवगिरीवर जनार्दनस्वामींचा हिशेब तपासताना एका पैची चूक सापडली म्हणून एकनाथांनी मध्यरात्री टाळी वाजवली, अशी कथा सांगतात. स्वामींनी त्या एकाग्रतेतच शिष्याची योग्यता पाहिली. दफ्तर वाचण्याने परमार्थाला अडचण होत नाही, उलट ते चित्त स्थिर करायला लावते.

जुन्या सातबाऱ्यावर थोरल्या भावाच्या नावामागे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरे आढळतात. एकत्र कुटुंब मॅनेजर. त्या एवढ्याशा अक्षरांच्या आश्रयाला धाकटे भाऊ, बहिणी, विधवा काकू, असे सगळे बसलेले असतात. नाव एकाचे, हक्क अनेकांचे. थोरला गेला आणि वारस नोंद करताना ही अक्षरे कुणाच्या नजरेतून सुटली, की जमीन केवळ त्याच्या मुलांच्या नावे लागते, आणि काल एका ताटात जेवलेली माणसे तारखांना उभी राहतात. बहिणींचे तर विचारूच नका. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा दिला, पण नाव लागते ते पुष्कळदा हक्कसोड पत्रावर अंगठा घेऊन कमी करण्यापुरतेच. जी माहेरी चोळी-बांगडीसाठी येते तिच्याकडून भावाने काय लिहून घ्यावे, हे ज्याने त्याने आपल्या अंतःकरणाला विचारावे; मला मात्र ती रीत कधी पटली नाही.

‘इतर हक्क’ हा रकानाही असाच न वाचता सोडला जातो. सोसायटीचा बोजा, कुळाचा हक्क, विहिरीतला चार आण्यांचा हिस्सा, शेजाऱ्याची वहिवाटीची वाट, हे सारे तिथे नमूद असते. माझे म्हणून जे आहे, त्यात इतरांचे किती आहे, हे सांगणारा हा रकाना संतांच्या बोधाशी फार जवळचा वाटतो. कर्ज फिटले तरी बोजा आपोआप उतरत नाही. सोसायटीचा दाखला घेऊन तो कमी करून घ्यावा लागतो.

राहिली कर भरल्याची पावती. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारे खुली केली, तेव्हा विठू महार होऊन पांडुरंग बीदरच्या दरबारी गेला आणि धान्याचा पैका चुकता केला. पण कथेचा मर्मभाग असा, की देव पैसे टाकून निघून आला नाही, त्याने पावती मागून घेतली, आणि ती पंतांच्या गीतेच्या पोथीत नेऊन ठेवली. पावती झाली ती दामाजींच्या नावाची. भरणारा तिच्यात कुठेच नव्हता.

आजच्या घरपट्टीच्या पावतीवर मात्र खातेदाराच्या नावाखाली ‘हस्ते’ म्हणून भरणाऱ्याचे नाव लिहितात. वीस वर्षे ‘हस्ते’ राहिल्याने घर आपले होते, असा समज धाकट्यांमध्ये फार आहे. आणि ज्याच्या नावे पावती फाटते तो आजोबा कधीचा निवर्तलेला असतो. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसाची वर्दी द्यायची असते, पंचायतीत निराळा अर्ज, सोबत मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे. सर्व म्हणजे लेकी धरून.