अकराव्या तासाचे मजूर



संत मत्तयच्या शुभवर्तमानातील (20:1-16) द्राक्षमळ्याचा धनी एका दिवसात पाच वेळा बाजारात जातो. दिवस मावळायला तासभर उरला तरी काही जण तिथे उभेच असतात. ते आळशी नव्हते. त्यांना कोणी कामाला बोलावलेच नव्हते. धनी त्यांनाही घेतो आणि त्याच संध्याकाळी पूर्ण दिवसाची मजुरी देतो. कारण पोटाची भूक पूर्ण दिवसाची असते.

स्टेशनच्या आडोशाला रात्र काढणाऱ्या माणसाच्या हातावर आपण नाणे ठेवतो आणि पुढे जातो. पुण्यात डॉ. अभिजित सोनवणे यांनी 2015 पासून भिक्षेकऱ्यांवर रस्त्यावरच मोफत उपचार सुरू केले. पण औषध देऊन ते थांबले नाहीत. बरे झालेल्या माणसाला ते कामाकडे वळवतात.

आपल्यापैकी कोणाचे चिक्कीचे दुकान आहे, कोणाचे हॉटेल, कोणी बंगले सांभाळतो. पावसाळ्यात पर्यटकांची गर्दी झाली की माणसे कमी पडतात. तेव्हा अशा एकाला तरी बोलवा. पत्ता नाही म्हणून परत पाठवू नका. कागदपत्रे काढायला मदत करा. आंघोळीची व पिशवी ठेवण्याची सोय करा. मजुरी इतरांइतकीच द्या, आणि सुरुवातीला रोजची रोज द्या. रस्त्यावरचा माणूस महिनाअखेरपर्यंत थांबू शकत नाही.

एखादा दोन दिवसांनी येणारही नाही. तेव्हा पाच वेळा बाजारात गेलेला धनी आठवा.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वादित करो.