लिंगैक्य आणि समाधीची जागा

लातूर-नांदेड भागातील लिंगायत समाजात मृतदेहाला अग्नी न देता त्याला ध्यानस्थ बसवून, तळहातावर इष्टलिंग, म्हणजे दीक्षेपासून अंगावर धारण केलेले लिंग, ठेवून विभूतीसह भूमीत पुरण्याची प्रथा आहे, आणि अशा मृतास 'लिंगैक्य', म्हणजे शिवतत्त्वाशी एकरूप झालेला, असे म्हणतात. जो एकरूप झाला त्याला ठिकाण कसले, हा आक्षेप तत्त्वतः बिनतोड आहे. बसवण्णांच्या विचारातही स्थावरापेक्षा, म्हणजे एका जागी रोवलेल्या वस्तूपेक्षा, चालते-बोलते जंगम श्रेष्ठ ठरते. तरीही आजोबांची समाधी शोधणारा नातू सिद्धांताशी द्रोह करतो असे म्हणणे कोतेपणाचे होईल, कारण तो शिव शोधत नसून आपल्या माणसाचा शेवटचा पत्ता शोधत असतो. समाधी पुष्कळदा घरच्याच शेतात बांधालगत असते. वाटण्या किंवा विक्री झाली की सातबाऱ्यावर गट क्रमांक आणि क्षेत्र टिकते, समाधीची नोंद मात्र असतेच असे नाही, आणि मग चिंचेच्या बुंध्यापासून पावले मोजून दाखवणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या सालगड्याच्या स्मरणावरच सारी भिस्त राहते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी नव्या जागी वसली, जुन्या शिवारातल्या समाध्या (त्या कोण हलवणार?) तिथेच राहिल्या.