खते कोणाची बुडवावी?

वारकरी सज्जनहो, गेल्या एकादशीस आमच्या भांडुपच्या भजनात एक माळकरी टाळ घेऊन बसले होते, पण टाळ काही वाजेना. कारखाना बंद पडलेला, पतपेढीचे हप्ते थकलेले. आरती झाल्यावर हळूच म्हणाले, "बुवा, तडजोड करू, की दिवाळखोरीचा अर्ज टाकून मोकळा होऊ?"

दिवाळे हा शब्द आपल्या संप्रदायास नवा नाही. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांचा व्यवहार बुडाला, पहिली बायको अन्नावाचून गेली. हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले, लपविले नाही. तेव्हा दिवाळ्याची लाज धरून टाळ खाली ठेवण्याचे कारण नाही.

आम्ही विचारले, "जामीन कोण?" त्यांनी मान खाली घातली. एक चाळीतला शेजारी, दिंडीत यांच्या मागेच चालणारा, दुसरे मेहुणे.

इथेच सारे अडते हो! मुंबईत साध्या नोकरदाराच्या दिवाळखोरीला अजून 1909 चाच कायदा आहे. अर्ज हायकोर्टात करायचा, मालमत्ता सरकारी अधिकाऱ्याच्या ताब्यात जाते, सगळा हिशेब उघडा करावा लागतो. दागिने आधीच दुसऱ्याच्या नावे केले असतील तर तेही निघते. मग कोर्ट ऋणकोला मोकळे करते. जामीनदाराला मात्र नाही. सावकार उद्या त्याच्याच दारात उभा.

तुकोबांनी खते इंद्रायणीत सोडली, हे सगळे सांगतात. त्याआधीचे कोणी सांगत नाही. अर्धी खते धाकट्या कान्होबांना वाटून दिली, आणि आपल्या वाट्याचीच तेवढी बुडविली.

म्हणून आम्ही म्हटले, आधी एकरकमी तडजोडीचे बोला. पत्र लेखी घ्या, जामीनदार सुटले असे त्यात लिहवून घ्या, मगच पैसे भरा. लोकअदालतीत मिटले तर तो निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही. बँकेच्या कर्जात अशी तडजोड पतीच्या नोंदीत काही वर्षे डागासारखी राहते, राहू द्या. जामीनच नसते आणि घरात काही उरले नसते, तर आम्हीच तुम्हांला हायकोर्टाची वाट दाखविली असती.

परवा ते दोघा जामीनदारांना घेऊन पतपेढीत गेले. शेजारी आधी रागावला, मग बरोबर चालला. पत्र अजून हाती आलेले नाही.