हुकूम कुठवर चालतो?

१८२८ साली पुण्यात मोरो रघुनाथ नावाचा चौदा वर्षांचा मुलगा नात्यातल्या एका वडीलधाऱ्याच्या ताब्यात होता. त्याला आपल्यासमोर आणा, असा हेबियस कॉर्पसचा हुकूम मुंबईच्या सुप्रीम कोर्टानं काढला. गव्हर्नर जॉन माल्कमनं तो बजावू दिला नाही. पेशवाई बुडून जेमतेम दहा वर्षं झालेली. पुण्यातली बडी घराणी मुंबईच्या कोर्टात खेचली गेली तर ती बिथरतील, ही ईस्ट इंडिया कंपनीची धास्ती. न्यायमूर्ती ग्रँट तेव्हा एकटेच उरले होते, आणि मोठे हट्टी. एप्रिल १८२९ मध्ये त्यांनी चक्क कोर्टच बंद केलं! शेवटी प्रिव्ही कौन्सिलनं माल्कमची बाजू उचलून धरली. मुंबई बेटाबाहेरच्या, अखत्यारीत नसलेल्या माणसांवर कोर्टाचा हा हुकूम चालणार नव्हता.

म्हणजे माणूस बेकायदा डांबलेला आहे का, हा प्रश्न राहिला बाजूला. वाद झाला तो हद्दीचा.

संविधानाच्या अनुच्छेद ३२ आणि २२६ खाली ही बेटापुरती हद्द उरली नाही. कैद्याच्या वतीनं नातेवाईक, मित्र, कुणीही अर्ज करू शकतो आणि कैद कायदेशीर आहे हे सरकारनं दाखवायचं असतं. कैद्याला प्रत्यक्ष उभं करणंही प्रत्येक वेळी आवश्यक नाही, असं १९७३ मध्ये कानू सन्याल प्रकरणात ठरलं. खासगी ताब्याविरुद्धही हा उपाय चालतो. बाप मुलीला शोधत कोर्टात येतो, तेव्हा मुलगी सज्ञान असेल तर कुठं राहायचं हे तिनंच सांगायचं.

पण २८ एप्रिल १९७६ रोजी नवी हद्द आखली गेली, ती काळाची. नऊ उच्च न्यायालयं मिसा कायद्याखाली स्थानबद्ध केलेल्यांचे अर्ज ऐकायला तयार होती, मुंबईचंही त्यांत होतं. सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतांनी त्यांना थांबवलं: आणीबाणीत दादच मागता येणार नाही. चौघांत पुण्याचे यशवंत चंद्रचूडही होते. विरोधात एकटे हंसराज खन्ना, त्यांचं सरन्यायाधीशपद त्यानंतर हुकलं. चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं आणीबाणीतही अनुच्छेद २१ ला हात लावायला मनाई केली. तो निकाल मात्र २०१७ पर्यंत टिकला. तो मोडीत काढणाऱ्या न्यायमूर्तींत चंद्रचूडांचे चिरंजीव होते.

आता उघड नकार कुणी देत नाही. महाराष्ट्रात एमपीडीए या प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्याखाली जास्तीत जास्त बारा महिने स्थानबद्ध ठेवता येतं. आधी याचिका, मग नोटीस, प्रतिज्ञापत्र, पुढची तारीख. कैद्याला दिलेले कागद वाचता येत नव्हते किंवा त्याच्या निवेदनावर निर्णयाला उशीर झाला, अशा कारणांनी स्थानबद्धतेचा हुकूम रद्द होतोही. पण तो अकराव्या महिन्यात रद्द झाला तर सुटका कसली? मला ही तिसरी, उशिराची हद्द सर्वांत चिवट वाटते, कारण ती कुठल्याच निकालात लिहिलेली नसते. अशा याचिकांचा फैसला किती दिवसांत व्हावा, हे विधिमंडळानं एमपीडीए कायद्यातच लिहून टाकावं.