द्विष्टार्थ

माजरीच्या कोळसाखाणीतून निवृत्त होऊन वर्ष लोटते न लोटते तोच आमच्या मामांना कर्करोगाने गाठले, आणि दर 21 दिवसांनी केमोथेरपीसाठी त्यांना नागपूरला नेण्याचे काम माझ्याकडे आले. गाडीत मामी सैंधव लावलेल्या आल्याच्या कापांची डबी उघडून धरीत आणि म्हणत, "चघळा जी, बरं वाटन." तिसऱ्या खेपेपासून मात्र औषधाचा थेंबही अंगात गेलेला नसताना, बुटीबोरी स्टेशन आले की मामांना मळमळू लागे.

छर्दीचे, म्हणजे ओकारीचे, पाच प्रकार सांगताना चरकसंहितेने या मळमळीची दखल घेतलेली आहे: दोषांपासून उद्भवणारे चार प्रकार, आणि पाचवा 'द्विष्टार्थसंयोगज', म्हणजे ज्याचा तिटकारा आला त्याच्या संयोगाने होणारा. आधुनिक वैद्यकानुसार सिस्प्लॅटिनसारख्या औषधाने आतड्यातील पेशींतून सेरोटोनिन सुटते, मज्जातंतूंवाटे मेंदूला वर्दी पोचते, आणि ऑन्डान्सेट्रॉनची गोळी ती वर्दी अडवते; परंतु बुटीबोरीच्या फलाटाने दिलेली वर्दी त्या गोळीला फारशी जुमानत नाही. मग ती मळमळ देहाची म्हणावी की मनाची? नुसत्या स्मृतीने पोट ढवळते हे जर आपण विनातक्रार मान्य करतो, तर विश्वासाने ते निवळले असता त्यास 'मनाचे समाधान' म्हणून खालच्या पंक्तीस बसविण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला, हे मला आजवर उमगलेले नाही.

आल्याच्या बाजूने केवळ विश्वासच उभा आहे असेही नाही. अमेरिकेत 576 रुग्णांवर झालेल्या आणि 2012 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीला रोज अर्धा ते एक ग्रॅम आले घेणाऱ्यांची मळमळ कमी झालेली दिसली. नंतरच्या सर्वच चाचण्यांनी मात्र तशी साक्ष दिली नाही. रक्तातील बिंबाणू घटलेले असताना आले बाधू शकते, म्हणून मामींनी ती डबी प्रथम डॉक्टरांपुढे ठेवली होती.

पण सलाईन सोडून जंगलातली जडीबुटी द्या, असे सांगणारे घरी येऊ लागले तेव्हा मी त्यांना दारातूनच परत पाठविले, कारण आल्याचा अंमल ओकारीपुरता आहे, गाठीवर नाही. ज्या तुकडोजी महाराजांनी 'ग्रामगीते'त अंधश्रद्धेवर प्रहार केले, ते 1968 साली कर्करोगानेच गेले, आणि नागपूरचे कर्करोग रुग्णालय आज त्यांचे नाव धारण करून उभे आहे.

पाचव्या खेपेस डबी घरीच राहिली. बुटीबोरी येताच मामींनी मामांचे मनगट हाती घेतले, सांध्यापासून तीन बोटांवर, दोन शिरांच्या मधोमध अंगठा दाबून धरला, आणि खापरी येईपर्यंत काढला नाही. ओकारी झालीच, पण त्यानंतर मामांनी पाणी मागितले.